इयान मर्डॉक

इयान ॲश्ली मर्डॉक (२८ एप्रिल, इ.स. १९७३:कोन्स्टान्झ, पश्चिम जर्मनी - २८ डिसेंबर, इ.स. २०१५:सान फ्रान्सिस्को, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ आणि डेबियन या मुक्त संचालन प्रणालीचे संस्थापक होते. संगणकावरील आज्ञावली सुट्या, स्वतंत्रपणे सांभाळता येतील अशा पॅकेजांच्या रूपात बांधावी आणि त्या पॅकेजांतून संपूर्ण प्रणाली उभी करावी, ही पद्धत रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत असताना त्यांनी ओपनसोलारिस या प्रणालीच्या नव्या वितरणाचे नेतृत्व केले. पॅकेज व्यवस्था आणि डिस्कवरील साठवणीची व्यवस्था या दोहोंची सांगड या वितरणात घातली गेली. लिनक्स फाउंडेशन या संस्थेचे ते मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते.

मराठीत पॅकेज हा शब्द उच्चारला की नोकरीतला पगार किंवा सहल कंपनीची जाहिरात डोळ्यांपुढे येते. या लेखात तो शब्द निराळ्या अर्थाने येतो. एखादी आज्ञावली, तिच्या सर्व फाइली, तिचे नाव, आवृत्ती आणि तिला आधार म्हणून लागणाऱ्या अन्य आज्ञावलींची यादी असे सर्व एकत्र बांधलेले गाठोडे म्हणजे पॅकेज होय.

बालपण आणि शिक्षण

मर्डॉक यांचा जन्म जर्मनीत झाला असला तरी त्यांचे बालपण अमेरिकेतील इंडियाना राज्यात गेले. त्यांचे वडील तेथील पर्ड्यू विद्यापीठात कीटकशास्त्राचे प्राध्यापक होते. वडिलांमुळेच मर्डॉक यांना लहानपणी ॲपल-२ जातीच्या संगणकाची ओळख झाली. तरीही पर्ड्यू विद्यापीठात प्रवेश घेतला तो लेखाशास्त्रासाठी. विद्यापीठातील संगणकांवर युनिक्स ही प्रणाली वापरायला मिळाल्यावर मात्र त्यांचा कल पुरता बदलला आणि संगणकशास्त्राकडे वळून १९९६ मध्ये त्यांनी त्या विषयातील पदवी मिळवली. डेबियनच्या पायाभरणीचे सारे काम त्यांनी विद्यार्थिदशेतच केले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

डेबियनपूर्व परिस्थिती

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केले. ते केवळ कर्नेल होते, म्हणजे प्रणालीचा गाभा. त्यावर काम करायचे तर संपादक, संकलक, संदेशवहनाची साधने, खिडक्यांची व्यवस्था अशा शेकडो आज्ञावली जमवाव्या लागत. हे जमवण्याचे काम करून देणाऱ्या संचाला वितरण असे नाव पडले. त्या काळातील सर्वांत परिचित वितरण सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम, संक्षेपाने एसएलएस, हे होते. ते फ्लॉपींच्या थप्पीवरून एकेक फ्लॉपी घालत संगणकावर चढवावे लागे.

मर्डॉक यांनी १९९३ मध्ये एसएलएस वापरून पाहिले आणि त्यातील त्रुटींनी ते त्रस्त झाले. त्यांच्या मते दोष कोणा एकाच्या निष्काळजीपणाचा नव्हता, तो बांधणीच्या रीतीतच होता. शेकडो आज्ञावलींची निगा एकट्यादुकट्या माणसाने राखायची हे मुळात अशक्य होते. एका आज्ञावलीची नवी आवृत्ती चढवली की तिच्यावर विसंबलेली दुसरी बंद पडे. कोणती फाइल कोठून आली याची नोंद नसल्यामुळे जुनी आज्ञावली स्वच्छपणे काढून टाकता येत नसे, आणि पुष्कळदा सारी डिस्क पुसून पुन्हा श्रीगणेशा करणे हाच उपाय उरत असे. याच असमाधानातून त्याच सुमारास पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी एसएलएसमध्ये सुधारणा करून स्लॅकवेअर तयार केले. मर्डॉक यांनी सुधारणेचा मार्ग सोडून नव्याने आरंभ करण्याचे ठरवले.

डेबियनची स्थापना

१६ ऑगस्ट १९९३ रोजी मर्डॉक यांनी नव्या वितरणाची घोषणा केली. तेव्हा ते २० वर्षांचे होते. वितरणाचे नाव त्यांनी आपल्या मैत्रिणीचे (पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या) डेब्रा हे नाव आणि स्वतःचे इयान हे नाव जोडून तयार केले. हे दांपत्य नंतर विभक्त झाले, पण नावांची ती जोडी मात्र जगभरच्या संगणकांवर तशीच राहिली.

या उपक्रमामागची भूमिका मांडणारा डेबियनचा जाहीरनामा त्यांनी लिहिला आणि १९९४ च्या जानेवारीत प्रसिद्ध केला. लिनक्सचे भवितव्य वितरणांच्या गुणवत्तेवर अवलंबून आहे आणि वितरण तयार करणे हे कष्टाचे, सातत्याने करण्याचे काम आहे, अशी त्याची मांडणी होती. हे काम एका व्यक्तीने किंवा एका कंपनीने न करता अनेकांनी उघडपणे, वाटून घेऊन करावे, असे त्यांचे म्हणणे होते. कर्नेलची निर्मिती अशा रीतीने होत होतीच. ती रीत सबंध प्रणालीला लागू करण्याची कल्पना मर्डॉक यांची.

काम वाटून घ्यायचे म्हटले की वाटप कोठे करायचे हा प्रश्न येतो. विश्वकोशाचे काम नोंदींमध्ये वाटता येते, कारण प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे लिहिता आणि सुधारता येते. डेबियनमध्ये हे स्थान पॅकेजने घेतले. प्रत्येक पॅकेजला एक जबाबदार व्यक्ती. तिने मूळ आज्ञावलीच्या लेखकांशी संपर्क ठेवायचा, नवी आवृत्ती आली की ती बांधायची, दोषांच्या तक्रारी सोडवायच्या. पॅकेजांनी एकमेकांशी कसे वागावे याचे नियम सर्वांना सारखे. त्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे काम एका संगणकावर एकत्र नांदू लागले. तांत्रिक रचना आणि माणसांची रचना अशी एकाच साच्यातून निघाली, आणि मर्डॉक यांच्या कामाचे खरे मर्म येथेच आहे.

पॅकेज व्यवस्थापक डीपीकेजी

पॅकेज चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या आज्ञावलीला डीपीकेजी असे नाव मिळाले. तिचे पहिले रूप मर्डॉक यांनी १९९४ च्या आरंभी साध्या शेल भाषेत लिहिले. नंतर मॅट वेल्श, कार्ल स्ट्रीटर आणि मर्डॉक यांनी ते पर्ल भाषेत आणले आणि इयान जॅक्सन यांनी त्याचा मुख्य भाग सी भाषेत पुन्हा लिहिला. आज वापरात असलेली डीपीकेजी ही जॅक्सन यांच्या लेखनाची वंशज आहे. नामसाधर्म्यामुळे अनेक ठिकाणी सर्वच श्रेय मर्डॉक यांना दिले जाते, ते बरोबर नाही.

डेबियनच्या पॅकेजमध्ये दोन भाग असतात. एका भागात प्रत्यक्ष फाइली, दुसऱ्यात त्यांच्याविषयीची माहिती आणि चढवण्यापूर्वी, चढवल्यानंतर, काढण्यापूर्वी व काढल्यानंतर चालवायच्या छोट्या आज्ञा. डीपीकेजी प्रथम फाइली उलगडून जागेवर ठेवते आणि मग आधाराची पॅकेजे सिद्ध आहेत असे पाहून मांडणीचा टप्पा पूर्ण करते. वापरकर्त्याने एखाद्या मांडणी-फाइलीत स्वतः बदल केला असेल तर नवी आवृत्ती येताना तो बदल मुकाट्याने पुसला जात नाही, आधी विचारणा होते. सर्व चढवलेल्या फाइलींची नोंद ठेवली जाते. आज हे इतके स्वाभाविक वाटते की त्याचे नवल उरलेले नाही. १९९४ मध्ये मात्र चालू संगणक बंद न करता, डिस्क न पुसता, प्रणालीचा एकेक भाग बदलत जाता येणे ही मोठीच सोय होती.

पॅकेज चढवणे हे बाहेरून फाइलींची नक्कल करण्याचे काम दिसते, पण त्याचा वेग आणि सुरक्षितता डिस्कवरील साठवणीशी घट्ट बांधलेली असते. एका पॅकेजमध्ये शेकडो लहान फाइली असू शकतात. प्रत्येक नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि मग तिला जुन्या फाइलीचे नाव दिले जाते. मध्येच वीज गेली तर जुनी किंवा नवी यांपैकी एक फाइल तरी शाबूत राहावी हा हेतू. परंतु संगणक लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर नेत नाही, काही काळ स्मृतीत धरून ठेवतो. ईएक्सटी ४ ही फाइल प्रणाली लिनक्समध्ये प्रचारात आल्यावर हा काळ वाढला आणि अवेळी वीज गेल्यास रिकाम्या फाइली हाती येण्याचा धोका स्पष्ट झाला. म्हणून डीपीकेजीने प्रत्येक फाइल डिस्कवर पक्की झाल्याची खात्री करून मगच पुढे जावे असा बदल पुढील पिढीतील विकासकांनी केला. त्यामुळे धोका टळला, पण पॅकेजे चढवण्याचा वेग फिरत्या डिस्कवर चांगलाच मंदावला. ज्यांना वेग हवा त्यांच्यासाठी ही खात्री वगळण्याचा पर्याय ठेवावा लागला आणि त्याच्या नावातच तो असुरक्षित असल्याचे सांगून टाकले. पॅकेज आणि साठवण या दोन व्यवस्था एकमेकींना अनोळखी राहिल्या की काय घडते याचे हे चांगले उदाहरण आहे. मर्डॉक यांच्या उत्तर आयुष्यातील कामाचे महत्त्व समजण्यासाठी ते ध्यानात ठेवावे.

डेबियनची वाढ आणि मर्डॉक यांची निवृत्ती

नोव्हेंबर १९९४ ते नोव्हेंबर १९९५ असे एक वर्ष रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डेबियनला आर्थिक पाठबळ दिले. डेबियन जीएनयू/लिनक्स हे नाव याच संबंधातून आले. मार्च १९९५ मधील आवृत्तीपासून प्रत्येक विकासक आपापली पॅकेजे सांभाळत असल्याचे चित्र स्पष्ट झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील आवृत्तीत सुमारे ६० विकासक होते.

डेबियनची १.० ही आवृत्ती अस्तित्वातच नाही. सीडी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने अर्धवट अवस्थेतील प्रत १.० या क्रमांकाने विकायला काढली. गोंधळ टाळण्यासाठी तो क्रमांक सोडून देऊन जून १९९६ मध्ये १.१ ही आवृत्ती प्रसिद्ध करण्यात आली. तिच्यात ४७४ पॅकेजे होती. वर्षभराने, १९९७ मधील १.३ या आवृत्तीत ही संख्या ९७४ झाली आणि विकासक सुमारे २०० झाले.

१.१ बाहेर पडली तेव्हा मर्डॉक प्रमुखपदावर नव्हते. मार्च १९९६ मध्ये, शिक्षण पूर्ण करणे आणि कुटुंबाला वेळ देणे या कारणांसाठी त्यांनी सूत्रे ब्रूस पेरेन्स यांच्याकडे सोपवली होती. संस्थापक बाजूला झाल्यावर विस्कटणाऱ्या संस्था आपल्याकडे थोड्या नाहीत. डेबियनने मात्र त्यानंतर १९९७ मध्ये आपला सामाजिक करार स्वीकारला, पुढे घटना तयार केली आणि मतदानाने प्रमुख निवडण्याची प्रथा पाडली. १९९९ मध्ये एपीटी हे साधन आवृत्तीत आले. हव्या त्या पॅकेजला लागणारी सर्व आधारभूत पॅकेजे जाळ्यावरून शोधून आणण्याचे काम ते करू लागले. यांपैकी कशातही मर्डॉक यांचा प्रत्यक्ष हात नव्हता. त्यांनी घातलेली घडी त्यांच्यावाचून चालू राहिली, हाच त्या घडीचा पुरावा मानावा लागेल.

स्वार्म साठवण प्रणाली

पदवीनंतर मर्डॉक यांनी ॲरिझोना विद्यापीठात जॉन हार्टमन यांच्याबरोबर काम केले. हा त्यांच्या चरित्राचा सर्वांत कमी परिचित भाग होय. हार्टमन यांनी पूर्वी बर्कली येथे झेब्रा नावाची फाइल प्रणाली तयार केली होती. तिच्यात मजकुराचे पट्टे करून ते अनेक सर्व्हरांवर पसरले जात. ॲरिझोनात याच विचाराचा विस्तार स्वार्म या प्रणालीत झाला. स्वार्म म्हणजे मधमाश्यांचे मोहोळ.

फिरत्या डिस्कची अडचण तिच्या वाचक शिरात असते. सलग मजकूर ती वेगाने लिहिते, पण एक तुकडा येथे आणि दुसरा तेथे लिहायचा झाला की शीर हलवण्यातच वेळ जातो. यावर तोड म्हणून स्वार्ममध्ये प्रत्येक संगणक आपले सारे लेखन रोजकीर्दीसारखे एकामागून एक नोंदवत जाई. जुनी नोंद खोडून तिच्या जागी नवी लिहिण्याऐवजी नवी नोंद शेवटी जोडली जाई. मग या रोजकीर्दीचे तुकडे पाडून ते अनेक साठवण-सर्व्हरांवर वाटले जात, आणि त्यांच्यासोबत एक जादा तुकडा गणिताने तयार करून ठेवला जाई. एखादा सर्व्हर बंद पडला तर उरलेल्या तुकड्यांवरून हरवलेला तुकडा परत मिळवता येई. महागड्या यंत्रांऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या साध्या वैयक्तिक संगणकांचा समूह यासाठी वापरला होता. हार्टमन, मर्डॉक आणि टॅमो स्पालिंक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मोजमापे दिली आहेत. एका संगणकाने दोन सर्व्हरांवर लिहिताना वेग सेकंदाला ३ मेगाबाइट होता आणि चार संगणकांनी आठ सर्व्हरांवर लिहिताना एकूण वेग सेकंदाला १६ मेगाबाइट झाला. आजच्या मानाने हे आकडे क्षुल्लक आहेत. परंतु यंत्रे चौपट केल्यावर वेग चौपटीहून अधिक वाढला, म्हणजे यंत्रे वाढवत जाण्यात मध्ये अडथळा नव्हता, हे त्यांतून दिसते.

जुने न खोडता नवे पुढे लिहावे, ही कल्पना मर्डॉक यांना पुढे पुन्हा भेटणार होती.

प्रॉजेनी

१९९९ मध्ये मर्डॉक यांनी इंडियानापोलिस येथे प्रॉजेनी लिनक्स सिस्टिम्स ही कंपनी स्थापन केली. हार्टमन हेही संस्थापकांत होते. प्रॉजेनी म्हणजे संतती. डेबियनवर आधारित सुलभ वितरण हे कंपनीचे पहिले उत्पादन २००१ मध्ये बाहेर पडले, पण त्याच वर्षी ते थांबवावे लागले. संगणक व्यवसायात त्या वेळी मंदीचे वारे होते. पुढे प्रॉजेनीने इतर कंपन्यांसाठी त्यांच्या गरजेप्रमाणे वितरणे बांधून देण्याचे काम केले. पॅकेजांचे परस्परांशी जुळणारे गट आधीच तयार ठेवून त्यांतून हवी ती प्रणाली रचावी, असा प्रयोगही केला. यंत्रभाग आपोआप ओळखणारे डिस्कव्हर हे तिचे साधन डेबियनच्या उपयोगी पडले. कंपनी २००७ मध्ये बंद झाली.

त्याआधीच मर्डॉक फ्री स्टँडर्ड्स ग्रुप या संस्थेत मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले होते. निरनिराळ्या लिनक्स वितरणांवर एकच आज्ञावली चालावी यासाठी लिनक्स स्टँडर्ड बेस हे प्रमाण तयार करणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते. या प्रमाणात पॅकेजचे रूप म्हणून मान्यता होती ती रेड हॅटच्या आरपीएमला, डेबियनच्या रूपाला नव्हे. डेबियनच्या संस्थापकाने अशा प्रमाणाचा पुरस्कार करावा यात काहींना विसंगती वाटली. मर्डॉक यांच्या दृष्टीने वितरणांच्या भाऊबंदकीपेक्षा समान पाया महत्त्वाचा होता. प्रत्यक्षात मात्र ते प्रमाण फारसे रुजले नाही. जानेवारी २००७ मध्ये या संस्थेचे आणि अन्य एका संस्थेचे एकत्रीकरण होऊन लिनक्स फाउंडेशन स्थापन झाले आणि मर्डॉक तेथे त्याच पदावर राहिले.

सन मायक्रोसिस्टिम्स आणि इंडियाना प्रकल्प

मार्च २००७ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेले. लिनक्सच्या गोटातील एवढा मोठा माणूस सोलारिसच्या घरी गेल्याचे अनेकांना आश्चर्य वाटले. सनने २००५ मध्ये सोलारिसचा बराचसा स्रोत ओपनसोलारिस या नावाने खुला केला होता. त्यात झेडएफएस ही जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांच्या नेतृत्वाखाली घडलेली फाइल प्रणाली होती, आणि तिच्या तोडीची व्यवस्था लिनक्सजवळ नव्हती. पण सोलारिस वापरून पाहणे जिकिरीचे होते. साधने जुन्या धाटणीची, पॅकेजे दशकभरापूर्वीच्या पद्धतीची. दुरुस्त्यांसाठी पॅच नावाची निराळी व्यवस्था होती. एक पॅच दुसऱ्यावर, तो तिसऱ्यावर विसंबलेला, आणि संगणक नेमका कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणे प्रशासकाला कठीण जाई. जाळ्यावरून पॅकेज आणून चढवण्याची डेबियनकरांच्या अंगवळणी पडलेली सोय तेथे मुळात नव्हतीच.

मर्डॉक यांच्याकडे सोपवलेल्या प्रकल्पाला त्यांच्याच राज्याचे, इंडियानाचे, नाव होते. पहिली पूर्ण आवृत्ती ओपनसोलारिस २००८.०५ या नावाने मे २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका सीडीवरून ती चालवून पाहता येई. लिनक्सवाल्यांच्या ओळखीची जीएनयू साधने तिच्यात प्रथमपासून हाताशी होती. मूळ डिस्कसाठी झेडएफएस वापरले होते. आणि पॅकेजांसाठी इमेज पॅकेजिंग सिस्टिम, संक्षेपाने आयपीएस, ही नवी व्यवस्था आली. ती सनमधील अभियंत्यांनी लिहिली. मर्डॉक यांचे काम दिशा देण्याचे आणि ती दिशा कंपनीच्या गळी उतरवण्याचे होते.

झेडएफएस लिहिताना जुन्या जागेवर नवा मजकूर लिहीत नाही. बदललेला भाग नव्या जागी लिहिला जातो आणि मग निर्देश जुन्यावरून नव्याकडे वळवला जातो. प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या वेगळी नोंदलेली असल्यामुळे डिस्कने चुकीचा मजकूर परत दिला तर तो ओळखू येतो. जुना मजकूर जागेवरच असल्याने कोणत्याही क्षणी फाइल प्रणालीचे चित्र गोठवून ठेवणे, म्हणजे स्नॅपशॉट घेणे, जवळपास तत्काळ होते आणि आरंभी त्याला जवळपास जागा लागत नाही. त्या चित्रावरून लिहिता येण्याजोगी प्रतही तितक्याच वेगाने निघते.

आयपीएसने या गुणाचा लाभ घेतला. सबंध प्रणाली नव्या आवृत्तीवर न्यायची असेल तेव्हा आधी चालू प्रणालीची झेडएफएस प्रत काढली जाई. नवी पॅकेजे त्या प्रतीवर चढत आणि चालू प्रणालीला हात लागत नसे. काम पूर्ण झाल्यावर संगणक पुन्हा सुरू केला की तो नव्या प्रतीवरून उभा राही. काही बिघडले तर आरंभीच्या यादीतून जुनी प्रत निवडायची. डीपीकेजीला फाइलीगणिक जी खात्री करून घ्यावी लागते ती येथे सबंध प्रणालीसाठी एकदम मिळाली. वेग आणि सुरक्षितता यांतील भांडण बऱ्याच अंशी मिटले.

दुसरा फरकही मूलगामी होता. डेबियनच्या पॅकेजमध्ये चढवताना चालणाऱ्या आज्ञा असतात. आयपीएसने त्या जवळपास हद्दपार केल्या. पॅकेजमध्ये काय असावे याचे केवळ वर्णन द्यायचे, आणि काही करायचेच असेल तर ते संगणक सुरू होताना सेवाव्यवस्थेने करायचे. चालू नसलेल्या प्रतीवर पॅकेज चढवायचे तर ही शिस्त आवश्यकच होती. तिची किंमतही होती. जुनी हजारो पॅकेजे नव्याने बांधावी लागली. शिवाय जाळ्यावरून फाइलवार माहिती आणण्याच्या पद्धतीमुळे आरंभीच्या आवृत्त्या संथ असल्याची तक्रार वापरकर्ते करीत.

तंत्रात जे साधले ते माणसांत साधले नाही. ओपनसोलारिस हे नाव आजवर सर्व समुदायाचे मानले जात होते. ते सनने एकाच वितरणाला दिले आणि तेही समुदायाच्या संमतीवाचून, असा आक्षेप आला. वेबच्या रचनेवरील कामासाठी प्रसिद्ध असलेले रॉय फील्डिंग यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये याच वादातून ओपनसोलारिसचा समुदाय सोडला. डेबियनमध्ये निर्णय काम करणाऱ्यांचा असे, येथे अंतिम शब्द कंपनीचा होता. मर्डॉक यांनी डेबियनची बांधणी सनमध्ये आणली, डेबियनचा कारभार आणता आला नाही. त्याचा दोष सर्वस्वी त्यांना देणे अन्यायाचे होईल.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. पुढच्याच महिन्यात मर्डॉक यांनी कंपनी सोडली. त्या ऑगस्टमध्ये ओरॅकलने ओपनसोलारिस वितरण बंद केले. समुदायातील लोकांनी खुल्या स्रोतावरून इल्युमॉस हा गाभा आणि ओपनइंडियाना हे वितरण पुढे चालवले. प्रकल्पाचे नाव अशा रीतीने टिकले. आयपीएस आणि झेडएफएस यांची जोडी ओरॅकलच्या सोलारिस ११ मध्येही कायम राहिली.

अखेरची वर्षे

२०११ पासून मर्डॉक इंडियानापोलिस येथील एक्झॅक्टटार्गेट या कंपनीत उपाध्यक्ष होते. २०१३ मध्ये ती कंपनी सेल्सफोर्सने घेतली. नोव्हेंबर २०१५ मध्ये ते सान फ्रान्सिस्को येथील डॉकर कंपनीत रुजू झाले. डॉकरमध्ये आज्ञावली तिच्या सर्व आधारांसह एका पेटीत बंद केली जाते आणि ती पेटी साठवणीच्या एकावर एक चढवलेल्या थरांतून तयार होते. पॅकेज आणि साठवण यांच्या सीमारेषेवरचे हे काम त्यांच्या आवडीचे होते. ते करायला त्यांना जेमतेम दोन महिने मिळाले.

२८ डिसेंबर २०१५ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, सान फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी त्यांच्या ट्विटर खात्यावरून पोलिसांनी आपल्याला मारहाण केल्याचे आरोप आणि टोकाची निराशा व्यक्त करणारा मजकूर प्रसिद्ध झाला होता. यावरून पुष्कळ तर्कवितर्क झाले. २०१६ मध्ये शवचिकित्सा अधिकाऱ्यांनी मृत्यूचे कारण आत्महत्या असल्याचा निष्कर्ष नोंदवला.

वारसा

जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली डेबियनची ९ वी आवृत्ती, स्ट्रेच, मर्डॉक यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. तिच्यात ५१ हजारांहून अधिक पॅकेजे होती. उबुंटू, लिनक्स मिंट, रास्पबेरी पाय या लहान संगणकाची प्रणाली ही सर्व डेबियनची अपत्ये होत. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने (हिचे मुख्यालय पुण्यात आहे) तयार केलेले बॉस लिनक्स हेही डेबियनवरच बेतलेले आहे. डेबियन संगणकावर चढवताना भाषांच्या यादीत मराठी निवडता येते, आणि ते भाषांतरही स्वयंसेवकांनीच केलेले आहे. डेबियनची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये प्रथमच भारतात, कोची येथे, भरली.

झेडएफएस मात्र परवान्यांतील विसंगतीमुळे लिनक्सच्या कर्नेलमध्ये समाविष्ट होऊ शकलेले नाही. मर्डॉक यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, मे २०१६ मध्ये, ते डेबियनच्या पूरक विभागात स्रोतरूपाने दाखल झाले. वापरकर्त्याच्या संगणकावरच ते बांधले जाते. २०२० च्या उबुंटू आवृत्तीत मूळ डिस्क झेडएफएसवर ठेवून प्रत्येक पॅकेज चढवण्यापूर्वी आपोआप स्नॅपशॉट घेण्याची सोय प्रायोगिक रूपात देण्यात आली होती. डेबियनच्या कुळातील एका प्रणालीत पॅकेज आणि साठवण अशा रीतीने एकत्र आली.